बोडका पेरू

संयोगिताची अट एकच होती. नोकरी कसली का असेना, शेती किती का असेना, रंग काळा का गोरा का असेना, नवरा निर्व्यसनी पाहिजे. शिराळ्यातल्या एका पतसंस्थेत ती कॅशियर होती. लग्नाचं वय उलटून चाललंय असं भावकीतल्या बायका तिला तोंडावर सांगायच्या. "एवढी चिकित्सा बरी न्हाई बाई," म्हणायच्या. त्यावर संयोगिता म्हणायची, "चिकित्सा कुठं करतीया? एकच तर गोष्ट मागतीया."

ऐकायला एकच. पण आपल्याकडं बायोडाट्यात सगळेच निर्व्यसनी असतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. छापणाऱ्यानं तो शब्द कॉम्प्युटरमध्ये आधीच घालून ठेवलेला असतो. नाव, जन्मतारीख आणि उंची तेवढी बदलायची, निर्व्यसनी तसंच राहू द्यायचं. त्यामुळं खरं काय ते कळायला मुलाची चौकशी करावी लागते. म्हणजे मुलगा राहतो तिथं जायचं, पानटपरीवर नाहीतर केस कापायच्या दुकानात परक्या माणसासारखं टेकायचं, आणि हवापाण्याच्या गप्पा मारता मारता हळूच विचारायचं. हे काम बापाचं. पिढ्यान् पिढ्या बापच करत आलेत. आणि संयोगिताचं नशीब असं, की तिचा बाप म्हणजे आकाराम हवालदार.

आकाराम फौजेतनं रिटायर झालेला माणूस. ताठ मान, पिळलेल्या मिशा, गावात वट. सुट्टीवर यायचा तेव्हा ट्रंकेत एका बाजूला रम आणि दुसऱ्या बाजूला सिगारेटची पाकिटं, मधल्या फटीत पोरीचा फ्रॉक. रिटायर झाल्यावर ट्रंक माळ्यावर गेली, बाकीचं खाली राहिलं. मग एकदा असा खोकला लागला की डॉक्टरनं छातीचा फोटो बघून नुसती मान हलवली. शालूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला हाताला धरून पालीच्या खंडोबाला नेलं आणि भंडारा उचलायला लावला. "आजपासनं बिडी न्हाई, सिगारेट न्हाई, दारू न्हाई," असं आकाराम देवासमोर मोठ्यानं म्हणाला. शालूबाई तिथंच पायरीवर बसून रडली. गावभर बातमी झाली, हवालदारानं सोडली!

आणि खरंच सोडली होती बरं का. खोटं कशाला बोला. चांगला महिनाभर माणूस नुसत्या बडीशेपेवर होता. मग पुण्याचा पुतण्या आला आणि काकांची ती उतरलेली कळा बघून त्याला दया आली. त्यानं खिशातनं एक नळी काढली. "काका, ही वेप. हिच्यात तंबाखू न्हाई, जाळ न्हाई, राख न्हाई. नुसती वाफ. आंब्याच्या वासाची." सरकारनं बंदी घातलेली ही वस्तू पुण्यात कशी मिळते, ते पुतण्यानं सांगितलं नाही आणि काकानं विचारलं नाही.

आकारामनं मनातल्या मनात शपथ पुन्हा एकदा तपासून बघितली. बिडी म्हटलं होतं. सिगारेट म्हटलं होतं. दारू म्हटलं होतं. वाफेचं नाव त्यानं घेतलं नव्हतं आणि खंडोबानंही आठवण करून दिली नव्हती. देवाचीच हरकत नाही म्हटल्यावर बायकोची कशाला ओढून आणायची? घरात त्यानं सांगून टाकलं, "सर्दीचं मशीन हाय. मोठ्या डॉक्टरनं दिलंय."

शालूबाईनं ते शेजारी अख्तरबीला सांगितलं. अख्तरबीचा नवरा इमाम मनियार. गावोगाव फिरून बांगड्या भरायचा, आणि थंडी पडली की दम्यानं हैराण व्हायचा. अख्तरबी धावत आली. "भाभी, आमच्या ह्यांच्यासाठी बी मागवा की एक मशीन!" इमामभाई मागनं आला, त्यानं मशीन हातात घेतलं, नाकाजवळ नेलं, आकारामकडं बघितलं आणि परत दिलं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आमचा दमाच बरा हाय."

आता वाफेचं असं असतं, की ती एकटी राहत नाही. पाव्हणा पहिल्यांदा एकटाच येतो, चार दिवस रुळला की मग त्याची बायकापोरं येतात, तसलं. दिवसभर आंबा ओढून आकारामचा घसा कोरडा पडायला लागला. पाण्यानं भागेना. इकडं फौजी कँटीनचा रमचा कोटा तर दर महिन्याला वाया चाललेला. सरकारनं सैनिकाला मान म्हणून दिलेली चीज सोडून देणं हा देशाचा अपमान, असं त्याला वाटू लागलं. मग औषधापुरती झाकणभर आली. झाकणाचा पेला झाला. आणि रम पोटात गेल्यावर वर आंब्याची वाफ ओढायची म्हणजे मटणाच्या रश्श्यात बिस्कीट बुडवायचं! ते काही फौजी जिभेला पटेना. म्हणून मग पेल्याबरोबर एक सिगारेट, एकच. सकाळी उठलं की सिगारेट ओढल्याचा पस्तावा, पस्ताव्यापायी दिवसभर वेप जरा जास्त, वेपनं पुन्हा घसा कोरडा. पूर्वी या माणसाला दोन व्यसनं होती. सोडल्यापासनं तीन झाली.

आणि हे सगळं कुणालाही ठाऊक नाही, अशी त्याची ठाम समजूत. कारण त्याच्या घरामागच्या परड्यात पेरूचं झाड होतं. गोठ्यामागं ओढणं-पिणं उरकायचं, पेरूखाली यायचं, दोन पानं तोडायची, चावून चावून चोथा करायचा, थुंकायचा, चूळ भरायची आणि मिशांवर हात फिरवत घरात शिरायचं. पेरूच्या पानानं सगळे वास मरतात यावर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत. शालूबाई कधीमधी झाडाकडं बघून म्हणायची, "शेळी लागलीया वाटतं पेरूला. खाली पान म्हणून ठेवलं न्हाई." आकाराम म्हणायचा, "व्हय, बांधाय पायजे तिला." त्यांची शेळी मागच्याच्या मागच्या जत्रेत विकलेली होती.

तर अशा या बापाच्या हातात पोरीच्या लग्नाची चौकशी आली.

स्थळ इमामभाईनंच आणलं होतं. बांगड्यांची पेटी घेऊन तो पाटणच्या बाजूला जायचा, बऱ्याच घरातल्या बायकांना नावानिशी ओळखायचा. तिथल्या राहीबाईचा मुलगा शंभूराज शिरवळला कंपनीत सुपरवायजर होता, खोली घेऊन एकटाच राहायचा. बायोडाट्यावरचा फोटो झकास. मोटरसायकलला रेलून उभा, डोईवर केसांचा भारा. "घर मी बघितलंय," इमामभाई म्हणाला. "बाया चांगल्या हाईत, बोलायला गोड, घर नीटनेटकं. पोराचं मातूर मला इचारू नका. मी बांगड्या बायांस्नी भरतो, पोरांस्नी न्हाई. त्याचं तुमी जाऊन बघा, हवालदार."

निघायच्या सकाळी संयोगिता बापाच्या समोर उभी राहिली. "आण्णा, मी तुमच्यावर सोडलंय. तुमी होय म्हणशीला तर होय. पर नीट बघा. मला दुसरं काय बी नको."

आकारामची छाती फुगली. "अगं, पिणारा माणूस नुसता वळला तरी वळखतो मी. काळजी करू नगंस." हे बाकी खरं होतं. या विषयात तालुक्यात त्याच्याएवढा जाणकार मिळाला नसता.

शिरवळला उतरेपर्यंत दुपार झाली. एसटीतल्या धक्क्यांत त्याची वेप संपून गेली होती, म्हणजे तिचं चार्जिंग. तोंड कसंनुसं झालेलं. कंपनीच्या गेटसमोर टपरी होती. आकाराम तिथं टेकला, चार शब्द उन्हाबद्दल बोलला आणि हळूच म्हणाला, "पाटणकडचा शंभूराज म्हणून एक पोरगा हाय बघा हितं..."

टपरीवाल्यानं विचारलं, "काय देऊ?"

हा रिवाजच असतो. फुकट माहिती कुणी देत नाही, आणि बडीशेप मागून चौकशी केली तर माणूस संशय घेतो. आकारामनं नाइलाजानं एक सिगारेट घेतली. पोरीसाठी. पेटवून दोन झुरके मारल्यावर टपरीवाला मोकळा झाला. "नावानं मी कुणाला वळखत न्हाई, दादा. ब्रँडवरनं वळखतो. आन् आताशा पोरं ती वाफंची नळी ओढत्यात, आमच्याकडं येत्यात कुठं? खरं इचारायचं तर त्या समोरच्या परमिट रूममधी जावा. पयली पाळी सुटली की कंपनीची माणसं तिथं बसत्यात."

म्हणजे तिथं जाणं आलं. तिथं गेलं की बसणं आलं. आणि परमिट रूममध्ये नुसतं पाणी पीत बसून कोण कुणाला काय सांगणार? आकारामनं क्वार्टर मागवली. मुलीचा बाप व्हायचं म्हणजे काय काय सोसावं लागतं, असा एक विचार त्याच्या मनात आला, आणि त्यानं त्याचे डोळेही जरा ओले झाले.

शेजारच्या टेबलावर कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक गडी बसला होता. तिशी ओलांडलेला, पोट पुढं, कपाळ मागं मागं जाऊन टाळूला भिडलेलं. त्याच्या तोंडातनं वाफ निघाली आणि आकारामच्या नाकाला ओळखीचा आंबा आला. परमुलखात गाववाला भेटावा तसं झालं त्याला. त्यानं खिशातनं आपली मेलेली वेप काढून टेबलावर ठेवली.

"चार्जिंग संपलं व्हय मामा?" गडी म्हणाला. "ही घ्या माझी वायर. लावा त्या बोर्डात."

झालं, टेबलं जोडली गेली. चकली आली, उकडलेली अंडी आली. गडी मनानं दिलदार होता. "सिगारेट सोडायला घेतली बघा ही," तो नळी दाखवून म्हणाला. "आता सिगारेट निस्ती पितानाच."

"आन् पितोस कवा?"

"ह्या वाफंनं घसा लय कोरडा पडतो मामा. पडला की पितो."

"आरं गड्या!" आकारामनं त्याच्या मांडीवर थाप मारली. "हे तर माझंच सांगायलायस तू!" घरच्यांना, डॉक्टरला, खंडोबाला, कुणालाच जे कळलं नव्हतं ते या परक्या पोराला कळलं होतं. आकारामनं त्याला एक सिगारेट पेटवून दिली, त्यानं आकारामचा पेला भरला. दोघांनी मिळून मग कबूल केलं की वेप ही तब्येतीला चांगलीच, बिघडवतात ती बाकीची दोन.

दुसऱ्या पेल्याला आकारामला आपलं काम आठवलं. "बरं, तुझ्या कंपनीत पाटणकडचा शंभूराज म्हणून हाय का रं कोन? पॅकिंगला सुपरवायजर?"

गड्यानं हातातली चकली खाली ठेवली. "हाय की. कशापायी?"

"माझी पोरगी द्यायची हाय त्याला. तवा म्हटलं, बघावं कसा हाय. पोरीची अट हाय, निर्व्यसनी पायजे."

गड्यानं पेला खाली ठेवला. मग उचलला, रिकामा केला आणि तोंड पुसलं. "शंभूराज?" तो म्हणाला. "मामा, देवमाणूस! सुपारीचं खांड खात न्हाई. असल्या जागी पाय ठेवायचं सोडा, ह्या रस्त्यानं जात बी न्हाई, पलीकडनं जातो."

"तुझी चांगली वळख हाय?"

"जल्मापासनं."

"पोरीला सांभाळंल?"

गड्यानं नळीकडं बघितलं, खाली बघितलं. "मनात लय हाय त्याच्या," तो म्हणाला. तेवढं एक वाक्य तो खरं बोलला असावा. मग त्यानं आकारामला हाताला धरून स्टँडवर नेलं, साताऱ्याच्या गाडीत खिडकीला बसवलं आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहिला. असला जावई मिळाला असता तर, असं आकारामला वाटून गेलं. साताऱ्यात एका जुन्या फौजी दोस्ताकडं त्यानं मुक्काम टाकला आणि दुसऱ्या दिवशी, वाटेत वडापची जीप थांबली तिथं पेरूचं झाड गाठून, तो घरी पोचला.

"पोरगा सोनं हाय सोनं!" उंबऱ्यातनंच त्यानं जाहीर केलं. "सुपारी बी खात न्हाई."

"कुणाला इचारलं?" शालूबाईनं विचारलं.

"त्याच्या जिवाभावाच्या दोस्ताला. जल्मापासनंची वळख."

"कुठं भेटला?"

आकाराम जरासा अडखळला. "देवळाच्या पायरीवर," तो म्हणाला. शालूबाईनं त्यानं काढलेल्या शर्टाचा वास घेतला आणि शर्ट तसाच बादलीत बुडवला.

रविवारी बघायचा कार्यक्रम ठरला. सारवण झालं, सतरंजी पडली, पोह्यांना कोथिंबीर आली. मध्यस्थ म्हणून इमामभाई धुवट पायजमा घालून पुढच्या सोप्यात बसला. जीप थांबली. आधी केरबा, मुलाचा चुलता, मग राहीबाई, आणि मागनं नवरदेव. पाव्हण्यांच्या पायावर पाणी घालायला आकाराम तांब्या घेऊन पुढं झाला, मान वर केली आणि तांब्या कलता कलता राहिला.

पोट तेच. टाळूला भिडलेलं कपाळ तेच. मोटरसायकलवाला केसांचा भारा कुठंच नव्हता.

"नमस्कार मामा," नवरदेव पायाला हात लावत म्हणाला. त्याच्या अंगावरनं आंब्याचा मंद वास आला. म्हणजे ज्याची चौकशी करायची त्यालाच आपण त्याची चौकशी केली! चोरालाच विचारलं, बाबा तू चोर हायस का, आणि त्यानं न्हाई म्हटल्यावर पाठ थोपटून घरी आलो!

केरबा मोठा बोलका. बसल्या बसल्या त्यानं सुरुवात केली. "आमच्या पोराला कसला म्हणून नाद न्हाई बघा."

"दिसतंयच की," आकाराम म्हणाला.

"आन् तुमचं बी ऐकून हाय. खंडोबाचा भंडारा उचलून एका दिसात सगळं सोडलं म्हणं. जिगर लागती त्याला! शंभू, शिक जरा मामांकडनं."

"शिकलोय की," शंभूराज खाली बघत म्हणाला.

इमामभाईनं एकदा ह्याच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं बघितलं, आणि पोह्यातला शेंगदाणा वेचून तोंडात टाकला.

आकारामच्या डोक्यात नुसतं मोहोळ उठलं होतं. हे स्थळ मोडायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. इतकं काही त्याचं काळीज मेलं नव्हतं. पण मोडायचं कसं? पोरगा पितो म्हणावं, तर लोक विचारणार, तुम्ही कुठं बघितलं? वाफ ओढतो म्हणावं, तर त्याच्या हातातलं सर्दीचं मशीन न्हाई हे हवालदारांना कसं कळलं? ह्याची शेंडी त्याच्या हातात, त्याची शेंडी ह्याच्या हातात. एकानं ओढली की दुसरा ओरडणार. पोरगा मधनंच त्याच्याकडं असा बघायचा, की त्याला धमकी म्हणावी का विनवणी, तेही उमगेना.

संयोगिता आली. पोहे दिले, नमस्कार केला, बसली. कुठं नोकरी, स्वयंपाक येतो का, झालं. मग केरबा म्हणाला, "आता जमाना बदललाय. दोघांस्नी बोलू द्या चार शब्द." दोघं मागं परड्यात गेली. इकडं आकाराम सतरंजीचे दोरे उपटत बसला. मनात म्हणत होता, देवा खंडोबा, पोरीलाच नापसंत पडू दे, म्हणजे मला बोलायला नको. देवाकडंही त्यानं पळवाटच मागितली.

थोड्या वेळात दोघं परत आली. शंभूराज येऊन बसला. संयोगिता थेट स्वयंपाकघरात गेली आणि दारातनं बापाला खूण केली. शालूबाई चुलीपाशी चहा ओतत होती.

"आण्णा," संयोगिता हळू आवाजात म्हणाली. "बाहेर माझ्या उत्तरासाठी थांबल्यात. मी तुमच्यावर सोडलं हुतं. होय म्हणू?"

आकारामच्या तोंडाला कोरड पडली. आणि या खेपेला वाफेनं नव्हे. खरं बोलणं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. नको म्हण बाई, एवढं म्हटलं की झालं. पुढचं पुढं बघता आलं असतं. पोरीच्या हातात इमामभाईनं सकाळी भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. लहानपणी हीच पोर तो सुट्टीवर आला की ट्रंकेवर चढून बसायची, आणि ट्रंक उघडली की नाक धरायची. हे सगळं त्याला आठवलं. आणि बाहेरनं केरबाचा आवाज आला, "हवालदारांसारखा माणूस लाखात एक!"

"पोरगा चांगला हाय," आकाराम म्हणाला. "मी सोता चौकशी केलीया."

संयोगितानं बापाच्या तोंडाकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "देवळाच्या पायरीवर?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बरं."

ती पदर खोचून सोप्यात गेली आणि हात जोडून केरबाला म्हणाली, "काका, राग मानू नका. मला हे स्थळ पसंत न्हाई."

एकच गलका झाला. राहीबाई तरातरा उठली. "का गं बाई? काय कमी हाय आमच्या पोरात?"

"कमी काय न्हाई काकी," संयोगिता म्हणाली. "जास्तच हाय."

केरबानं टोपी घातली, राहीबाईनं चहाला हात लावला नाही. जाताना रिवाजाप्रमाणं शंभूराज आकारामच्या पायाला वाकला आणि वर उठता उठता कानात पुटपुटला, "मामा, माझी वायर तुमच्याकडंच ऱ्हायली." इमामभाई हाताच्या अंतरावर उभा होता. त्यानं आढ्याकडं बघितलं.

जीप गेली आणि आकारामला कंठ फुटला. लबाड माणसाला सुटल्यावर नेहमी राग येतो. "काय समजतीस काय तू सोताला? मी एवढा शिरवळपतूर गेलो, जिवाचं रान केलं! आन् मला इचारून, मी होय म्हटल्यावर, भायेर जाऊन न्हाई म्हणतीस? चार माणसात माझी इज्जत घालवलीस!"

संयोगिता सतरंजी गुंडाळत होती. तिनं ती खाली ठेवली.

"आण्णा, परड्यात गेल्यावर तो काय बी बोलला न्हाई. आधी पेरूखाली गेला. हात वर केला. खाली पान न्हाईच, मग त्यानं उडी मारली. उडी मारून पान तोडलं, चावलं, थुकला, आन् मग माझ्याकडं तोंड करून म्हणाला, मला कसला नाद न्हाई." तिनं परड्याकडं बोट केलं. "लोक पेरूखाली गेली की पेरू बघत्यात, आण्णा. पान बघणारा माणूस मी जल्मात एकच बघितलाय."

आकारामचा मिशीवर गेलेला हात तिथंच थांबला.

"मग," कसाबसा तो म्हणाला, "मग मला कशाला इचारलंस? तुला तर कळलं हुतं."

"तुमी काय म्हणताय ते बघायचं हुतं. मला वाटलं, सोताचं झाकत्यात ते झाकू देत. पर पोरीच्या जल्माचा प्रश्न आला तर तेवढ्यापुरतं तरी खरं बोलतील." तिनं मनगटानं डोळे पुसले. "न्हाई बोललासा."

ती आत गेली. इमामभाईनं चपला घातल्या. एरवी तो जाताना "येतो हवालदार" म्हणायचा. आज नुसताच गेला.

सोप्यात बसवेना म्हणून आकाराम परड्यात आला. खिशातली नळी त्यानं काढली, बघितली, परत ठेवली, परत काढली आणि ओढली. नाही म्हणजे नाहीच सुटत, तर काय करता? मग घरात जायचं म्हणून सवयीनं तो पेरूखाली गेला आणि सवयीनं हात वर केला. हाताला नुसती फांदी लागली. त्यानं टाचा उंचावल्या. तरी नुसती फांदी. झाड वर हिरवंगार होतं, आणि खाली, एका माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत, भादरल्यासारखं बोडकं.

मोरीपाशी शालूबाई पाव्हण्यांची भांडी घासत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आवं," ती म्हणाली, "स्टूल आणून देऊ का?"